शाळा सोडल्याचे कारण

सरकारी शाळेच्या कचेरीत, लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात एक जाड रजिस्टर असतं. दाखल-खारीज रजिस्टर. परवापरवापर्यंत त्याला क्लार्कशिवाय कुणी हात लावत नसे. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली आणि राज्यभर या रजिस्टरांवरची धूळ झटकली गेली. सगळे एकच रकाना बघत होते, जातीचा. मी शिक्षक माणूस. मला त्याच ओळीतला शेवटाकडचा रकाना जास्त बोलका वाटतो: 'शाळा सोडल्याचे कारण'.

हा रकाना वाचायला मी शिकलो तो आमच्या पट्ट्यातल्या एका मोठ्या सरकारी हायस्कूलच्या जुन्या रजिस्टरात. कोहमारा ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. नागपूरहून रायपूरला जाणारा हमरस्ता, जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही 'सहा नंबर' आणि कागदावर आता त्रेपन्न, सडक अर्जुनी तालुक्यातून जातो. तालुक्याच्या नावातली 'सडक' तीच. दुसरी अर्जुनी मोरगावची, म्हणून ही सडकेवरची. कोहमाऱ्याच्या चौकात गोंदियाकडून गोरेगावमार्गे येणारा रस्ता या हमरस्त्याला मिळतो आणि खाली नवेगावबांधकडे वाट जाते. ट्रक, ढाबे, पंक्चरची दुकानं, एसटीची वाट बघणारी पोरं. चारी बाजूंना धान आणि धानापलीकडे जंगल. अशा ठिकाणच्या हायस्कुलात एका गावची मुलं नसतात, दहा-पंधरा गावांची असतात.

त्या रजिस्टरातल्या शेवटच्या रकान्यात चार-पाच वाक्यंच फिरून फिरून येतात. 'पालकाच्या इच्छेवरून.' 'सतत गैरहजर.' 'पुढील शिक्षणासाठी.' 'परगावी गेल्याने.' त्याच्या अलीकडे वर्तणूक: चांगली. प्रगती: बरी. झालं. शाळेबद्दल आईबापाला काय वाटत होतं, पोराला काय वाटत होतं, याची सरकारदरबारी झालेली एकुलती एक नोंद ही एवढीच. बाकी जे काही 'पालकांचं मत' म्हणून इतिहासात आलं आहे, ते बहुतेक दुसऱ्याच कुणीतरी त्यांच्या वतीने सांगितलेलं आहे. मुसलमान पालकांच्या बाबतीत तर जास्तच.

महाराष्ट्रातल्या सगळ्यात प्रसिद्ध 'पालकाच्या इच्छेवरून'पासून सुरुवात करतो. जोतीराव फुल्यांचं नाव शाळेतून एकदा काढून टाकलं होतं. वडिलांनीच, गोविंदरावांनी. शिकून पोरगा शेतीच्या, फुलांच्या धंद्याच्या कामाचा राहणार नाही असं त्यांच्या कानात भरवण्यात आलं, आणि बापाने मुलाला मळ्यात नेलं. वाईट बाप होता का? मुळीच नाही. ज्या शाळेने आपल्या माणसांसाठी आजवर काही केलेलं नाही, तिच्यावर धंदा पणाला लावायचा नाही, असा तो हिशेब होता. या हिशेबात उलट बाजूने भर घातली ती दोन शेजाऱ्यांनी. एक लिजिट नावाचे इंग्रज गृहस्थ आणि दुसरे गफ्फार बेग मुन्शी, उर्दू-फारसीचे शिक्षक. पोरगा हुशार आहे, वाया घालवू नका, हे त्यांनी गोविंदरावांना पटवलं, आणि १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले, पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या.

आपल्याकडे गफ्फार बेग मुन्शींचं नाव भाषणात घ्यायची पद्धत पडली आहे. एकतेचं उदाहरण म्हणून. मला ते उदाहरण म्हणून नको, सहकारी म्हणून हवेत. त्यांनी जे केलं ते शिक्षकाचं अगदी रोजचं काम आहे: नाव काढायला निघालेल्या बापाच्या दारात जाऊन बसणं. त्यांनी बापाला अडाणी म्हटलं नसणार. अडाणी म्हटल्यावर कुणी पोराला परत पाठवत नाही, हे मी वीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो.

पुढे याच जोतीरावांच्या पुण्यातल्या शाळेतून विद्यार्थ्याचं मत पहिल्यांदा छापील कागदावर आलं. मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी तिथे शिकत होती. तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'ज्ञानोदय'ने दोन भागांत छापला. शाळेतल्या मुलीने लिहिलेला निबंध म्हणजे 'माझी शाळा सुंदर आहे', अशी आपली समजूत. हिने धर्मग्रंथ फक्त ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असा सरळ प्रश्न टाकला. आपल्या बायका उघड्यावर बाळंत होतात त्या वेदनेबद्दल लिहिलं. शेवटी स्वतःच्याच लोकांना सांगितलं की शिका. शाळेबद्दल याहून मोठं मत काय असतं? शाळा चांगली होती, हे तिने शाळेची स्तुती करून नाही, तिथे काय विचारायला शिकले ते दाखवून सांगितलं. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत किती सरकारी शाळांनी आपल्या मुलांना असं लिहू दिलं, हे ज्याने त्याने आठवून बघावं.

मग आलं १८८२. सरकारने शिक्षणाची चौकशी करायला विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. हे तेच हंटर, ज्यांचं हिंदी मुसलमानांवरचं पुस्तक १८७१ साली निघालं होतं. आयोगावर सर सय्यद अहमद खान होते, नंतर त्यांच्या जागी त्यांचे चिरंजीव सय्यद महमूद आले. प्रांतोप्रांती साक्षी झाल्या. मुंबईत बद्रुद्दीन तैयबजींसारखे, अंजुमन-ए-इस्लाम उभारणारे लोक बोलले. पुण्यातून जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ ला निवेदन दिलं. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, मास्तराला बारा रुपयांपेक्षा कमी पगार देऊ नका, मोठ्या गावात पंधरा-वीस द्या, मास्तर शेतकरी समाजातून घ्या, म्हणजे तो नांगर धरायला लाजणार नाही आणि लोकांत मिसळेल. आजही जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शिक्षकाने हे निवेदन वाचावं, आपल्याच संघटनेचं वाटेल.

त्या निवेदनात आपल्याबद्दल मोजून दोन-तीन वाक्यं आहेत. मुसलमानही का कोण जाणे या शाळांपासून दूर राहिले आहेत, मराठी-इंग्रजीकडे त्यांचा ओढा दिसत नाही, त्यांच्या भाषेच्या थोड्या शाळा आहेत, असा त्यांचा आशय. जोतीरावांबद्दल मला जो आदर आहे तो या वाक्यांनी कमी होत नाही. पण मी या वाक्यांपाशी दर वेळी थांबतो. महार-मांग शाळेबाहेर का, याचं कारण ते तिथेच स्पष्ट देतात: जातीचा विटाळ. ब्राह्मणेतर शेतकरी बाहेर का, तेही देतात: गरिबी, आणि मास्तर परका. आपल्यापाशी आल्यावर मात्र कारण सापडत नाही. ज्या माणसाला एका मुसलमान मुन्शीने शाळेत परत आणलं, त्यालाही पुण्याच्या गल्लीतला अत्तार किंवा बागवान पोराला का पाठवत नाही हे कळलेलं नव्हतं. याचा अर्थ एवढाच, की त्या अत्ताराला कुणी विचारलेलं नव्हतं. आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणासाठी वेगळ्या सतरा शिफारशी केल्या. त्या साक्षींवरून केल्या, आणि साक्षी देणारे बॅरिस्टर, जमीनदार, मौलवी, अधिकारी होते. 'मुसलमान शाळेपासून फटकून राहतो' हे वाक्य तेव्हापासून जे चिकटलं ते आजतागायत.

हे झालं मुंबई इलाख्याचं. आमचा भाग त्यात नव्हता. १८६१ पासून हा मध्य प्रांत, राजधानी नागपूर. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात. मुंबई-पुण्याच्या शिक्षणाच्या इतिहासात आमचं नाव येत नाही, आणि मध्य प्रदेशच्या इतिहासातून १९५६ साली आम्ही निघून गेलो, त्यामुळे तिथेही येत नाही. दोन्हीकडच्या पुस्तकांच्या मधल्या फटीत पडलेला हा मुलूख आहे. पण मुसलमान पालक आणि सरकारी शाळा या विषयावर देशभर गाजलेलं भांडण झालं ते याच प्रांतात. विद्यामंदिर योजनेचं.

१९३७ साली प्रांतिक निवडणुका झाल्या, मध्य प्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. ना. भा. खरे मुख्य मंत्री, रविशंकर शुक्ल शिक्षणमंत्री. वर्षभरात खरे गेले आणि शुक्लच मुख्य झाले. शुक्ल रायपूरचे. त्यांची कल्पना अशी: ज्या गावात शाळा नाही आणि सरकारकडे पैसा नाही, तिथे गावातल्या जमीनमालकाकडून शेत दान घ्यायचं, त्या शेताच्या उत्पन्नावर मास्तर पोसायचा आणि शाळा चालवायची. हिला नाव दिलं विद्यामंदिर. त्याच सुमारास, ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हातकामातून शिक्षण, म्हणजे नई तालीम, याचा आराखडा करायला समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन. डिसेंबरात त्यांचा अहवाल आला. पुढे हेच झाकिर साहेब भारताचे राष्ट्रपती झाले.

या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक मुसलमान शिक्षणतज्ज्ञाच्या समितीने आखलेला अभ्यासक्रम, दुसरी शुक्लांची जमिनीवर शाळा चालवायची तजवीज. लोकांच्या बोलण्यात त्या एक झाल्या. १९३८ च्या नोव्हेंबरात मुस्लिम लीगचा पीरपूर अहवाल आला, त्यात विद्यामंदिराची तक्रार ठळक होती: नाव हिंदू देवळाचं आहे, उर्दूची जागा जाते आहे, आपल्या पोरांवर परका संस्कार होईल. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे मौलवी अब्दुल हक यांचा १९३६ च्या नागपूरच्या साहित्य परिषदेत हिंदी-हिंदुस्थानीच्या प्रश्नावरून गांधीजींशी खटका उडालेला होता, त्याची राख अजून गरम होती. १९३९ च्या सुरुवातीला नागपुरात लीगने विद्यामंदिराविरुद्ध सत्याग्रह केला, माणसं तुरुंगात गेली. नंतर तडजोड झाली, मुसलमानांना त्याच धर्तीवर आपल्या नावाच्या शाळा काढता येतील अशी. त्या वर्षअखेर महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला आणि भांडणाचा विषयच संपला.

मी दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून या 'मंदिर' शब्दापाशी जरा रेंगाळतो. मराठी कानाला मंदिर म्हणजे देऊळ, पण देऊळच नाही. नाट्यमंदिर म्हणतो आपण, तिथे कुणी आरती करत नाही. बालमंदिर म्हणतो, कलामंदिर म्हणतो. संस्कृतात मंदिर म्हणजे मुळात घर. मराठी शाळेत शिकलेल्या मुसलमानाला 'विद्यामंदिर' ऐकून दचकायला होत नाही. उर्दू बोलणाऱ्याच्या घरात मात्र मंदिर या शब्दाला दुसरा अर्थच नाही. तो शब्द तिथे फक्त पूजेच्या जागेसाठी येतो. आता उलट बाजू बघा. 'मदरसा' म्हणजे जिथे दर्स, धडा, दिला जातो ती जागा. शाळाच. अरबी मुलखांत साध्या सरकारी शाळेलाही मदरसाच म्हणतात. पण आज मराठी वाचकासमोर मी 'मी मदरशात शिकवतो' असं लिहिलं, तर त्याच्या डोळ्यांपुढे काय येईल ते सांगायला नको. दोन शब्द, दोन्हींचा अर्थ भिंती-छप्पर आणि धडा. दोन्हींना इतिहासाने दाढी-शेंडी लावली.

म्हणून १९३८ चा आक्षेप निव्वळ वेडेपणा होता असं मी म्हणणार नाही. ज्या प्रांतात मुसलमान शंभरात जेमतेम चार-पाच, तिथे शाळेच्या पाटीवर आपल्याला परका वाटणारा शब्द आला तर छाती धडधडणारच. शुक्लांना दुसरं नाव ठेवणं जड नव्हतं. मोठ्या संख्येतल्या माणसाला नावाचं काय एवढं, असं वाटतं, कारण नाव त्याचं असतं. पण तेवढ्याच स्पष्टपणे हेही म्हणतो, की त्या भांडणात शाळा कुणीच पाहिली नाही. शुक्ल म्हणाले, गावकऱ्यांना हवी आहे. लीग म्हणाली, मुसलमानांना नको आहे. सडकेच्या कडेला राहणाऱ्या एखाद्या मनिहाराला, बैलगाडीच्या चाकाला धाव चढवणाऱ्या लोहाराला कुणी विचारलं असतं, तर त्याने पाटीबद्दल विचारण्याआधी तीन गोष्टी विचारल्या असत्या: किती लांब आहे, मास्तर रोज येतो का, आणि रोवणीच्या दिवसांत नाव काढून टाकाल का.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. आजही तेच तीन प्रश्न विचारले जातात. २०२३ मध्ये सरकारने आरोग्य केंद्रांना 'आयुष्मान आरोग्य मंदिर' हे नाव दिलं. आमच्या मोहल्ल्यातल्या बायका तिथे लेकरांना लस द्यायला जातात. नाव त्यांना खटकत नाही असं नाही, एखादी बोलूनही दाखवते. पण नर्सबाई आली आहे की नाही, हे आधी विचारते.

आणि त्या भांडणातले मोठे लोक पुढे कुठे गेले तेही बघून घ्या. नागपूरचे लीगचे पुढारी नवाब सिद्दीक अली खान फाळणीनंतर पाकिस्तानात गेले. मौलवी अब्दुल हक कराचीला गेले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली गेली, शुक्ल नव्या मध्य प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री होऊन भोपाळला गेले आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी वारले. आमचा भंडारा जिल्हा त्याच १ नोव्हेंबरला मुंबई राज्यात आला. ज्यांनी आमच्या वतीने शाळा मागितली आणि ज्यांनी आमच्या वतीने नाकारली, ते सगळे गेले. पोरं इथेच राहिली, त्यांना जी शाळा होती तिच्यातच जायचं होतं.

ती शाळा कुणाची होती, याची उत्तरंही बदलत गेली. इंग्रजी अमलात डिस्ट्रिक्ट कौन्सिलची. १९४८ च्या कायद्याने मध्य प्रांतात जनपद सभा आल्या, मग जनपदची. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, मग भंडारा जिल्हा परिषदेची. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, मग गोंदियाची. पश्चिम महाराष्ट्रातल्या शिक्षक मित्रांना नवल वाटतं की आमच्याकडे जिल्हा परिषदेची हायस्कूलं इतकी कशी. त्यांच्याकडे हायस्कूल म्हणजे संस्थेचं. आमच्याकडे जनपदच्या काळापासून सरकारी हायस्कुलाची सवय आहे.

संस्थाही आल्या. गोंदियाचे मनोहरभाई पटेल, स्वतः जेमतेम चौथी शिकलेले बिडीच्या धंद्यातले गृहस्थ, यांनी १९५८ साली गोंदिया एज्युकेशन सोसायटी काढली. एका दिवशी बावीस हायस्कूल सुरू केल्याची गोष्ट या भागात प्रत्येकाला पाठ आहे. आकडा सांगताना म्हाताऱ्यांचा आवाज अजून चढतो. बिडीवाल्याने शाळा काढाव्यात यात एक गंमत आहे. कारण शाळेची पोरं पळवणारी सगळ्यात मोठी गोष्ट इथे बिडीच होती. घरात आई बिड्या वळते, पोरगी पानं कापते, पोरगा कट्टे बांधतो. दिवसाकाठी जितके हात तितके पैसे. शाळेत गेलेला हात त्या दिवसापुरता वजा. बिडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळू लागली ती १९७६ च्या कल्याण निधी कायद्यानंतर.

आता पुन्हा त्या रजिस्टराकडे येतो. 'सतत गैरहजर' हा शेरा कोणत्या महिन्यांत जास्त पडलेला आहे हे मी एकदा पानं उलटून पाहिलं. काही शोधनिबंध लिहायचा नव्हता, पावसाची दुपार होती. जुलै-ऑगस्ट आणि मार्च-एप्रिल. आमच्याकडच्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही. जुलैत रोवणी. पऱ्हे उपटायला, चिखलात रोवायला घरातलं प्रत्येक माणूस लागतं, आणि शाळा नेमकी जूनअखेर उघडते, म्हणजे नवं पुस्तक हातात पडतं न पडतं तोच पोरगं बांधीत. मार्चमध्ये मोह पडतो. पहाटे चारला टोपली घेऊन जंगलात गेलेलं पोर दहाला शाळेत येतं ते पेंगायला. आणि मे म्हणजे तेंदूपत्ता. शाळेचं वेळापत्रक ज्याने आखलं त्याने धानाचं शेत आणि मोहाचं झाड पाहिलं नव्हतं. यात हिंदू-मुसलमान काही नाही. गोंड, पोवार, महार, कुणबी, मुसलमान, सगळ्यांची पोरं त्याच महिन्यांत गैरहजर. रजिस्टरात या सगळ्यांचं कारण एकच: 'सतत गैरहजर'. जणू गैरहजेरी हाच त्यांचा स्वभाव.

मुसलमान मुलांच्या ओळी मी वेगळ्या मोजल्या, खोटं कशाला बोलू. त्यांची गैरहजेरी इतरांसारखीच. फरक एका ठिकाणी दिसला: मुलींच्या नावापुढे आठवी-नववीनंतर 'पालकाच्या इच्छेवरून'. मुलांच्या पुढे 'परगावी गेल्याने', म्हणजे ट्रकवर क्लीनर, नागपूरला गॅरेज, किंवा मामाकडे कामठीला उर्दू शाळेत. मदरशात गेलेला त्यात क्वचित कुणी असेल. २००६ साली सच्चर समितीनेही देशभराचा हिशेब करून हेच सांगितलं होतं, की शाळेच्या वयातली जेमतेम चार टक्के मुसलमान मुलं मदरशात जातात. उरलेली आपल्याच सरकारी, खासगी शाळांत असतात किंवा कामावर असतात. पण १८८२ चं ते वाक्य इतकं घट्ट बसलंय की चार टक्क्यांवर चर्चा होते आणि शहाण्णवांचं काय झालं हे कुणी विचारत नाही. आपले लोकही नाही. जलशात तालीमवर बोलणारे आपले वक्ते ऐका. त्यांच्याही भाषणात पालक म्हणजे ज्याला झोपेतून उठवायचं आहे असा माणूस.

कायद्याने आता पालकांना विचारायचं बंधन घातलं आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात. सभा होतात. मी अनेक सभांना बसलो आहे. चहा येतो, इतिवृत्त आधीच लिहिलेलं असतं, सह्या-अंगठे होतात. पालकांना विचारलं, शाळा कशी आहे? सगळे म्हणतात, चांगली आहे सर. मास्तरांसमोर दुसरं काय म्हणतील, पोर त्यांच्याच हातात आहे. 'चांगली आहे' म्हणजे 'वर्तणूक: चांगली'सारखंच.

खरं मत सभेनंतर, चौकात, पंक्चरच्या दुकानासमोर मिळतं. तिथे मी ऐकलेलं थोडं सांगतो. एक चाचा म्हणाले, "सर, इस्कूल अच्छाच है, पर आधे मास्तर तो इलेक्शन की लिस्ट में रहते." एका गोंड आईने विचारलं, "पोरीला दहावी केली, आता अकरावीला गोंदियाले धाडू का नोको? तुमची पोरगी असती त कुठं धाडली असती?" याचं उत्तर देताना माझी जीभ अडखळली, कारण माझी मुलगी कुठे आहे ते त्यांना माहीत होतं. एक बाप इंग्रजी शाळेची फी भरून दमला होता, परत सरकारी हायस्कुलात नाव घालायला आला आणि कमीपणा वाटून हळू आवाजात बोलत होता. एकाने उर्दूबद्दल विचारलं. घरी दादी उर्दू वाचते, पोराला अक्षर ओळखता येत नाही, आठवड्यातून एक तास तरी होईल का. सतरा शिफारशींत जे होतं, सत्याग्रहात जे मागितलं होतं, ते त्या माणसाने एका तासावर आणून ठेवलं होतं. तो तास मी आता शनिवारी शाळा सुटल्यावर घेतो, वटवृक्षाच्या पारावर. त्यात दोन पोवारांची आणि एक गोंडाचा मुलगा येऊन बसतात. शायरीचं वेड आहे त्यांना, मोबाइलमुळे.

मागच्या वर्षी जूनमध्ये नववी पास झालेल्या एका मुलीचे वडील टीसी मागायला आले. चौकात त्यांचं टायरचं दुकान आहे. मी कचेरीतच होतो. क्लार्कने फॉर्म पुढे ओढला, सवयीने लिहायला लागले, 'पालकाच्या'. मी म्हटलं, थांबा जरा. भाईजान, कारण काय लिहायचं? ते म्हणाले, "जो लिखते वोच लिखो." मी खुर्ची दिली. पाणी मागवलं. दहा-पंधरा मिनिटं ते रस्त्याबद्दल, धंद्याबद्दल बोलले. मग निघालं ते असं: मुलींना एसटीचा पास फुकट आहे, हे खरं. पण संध्याकाळची बस चुकली तर चौकात अंधार पडेपर्यंत उभं राहावं लागतं, ट्रकवाले थांबतात, बोलतात. पोरीने स्वतः कधी तक्रार केली नाही, कारण तक्रार केली तर शाळा बंद होईल हे तिला माहीत होतं. बापाने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

मी मुलीला बोलावून विचारलं. ती म्हणाली, "सर, सहावा तास गणिताचा असतो. तो पहिला केला तर मी सुट्टीच्या आधीच्या बसने जाईन. बाकीचे तास मैत्रिणीकडून उतरवून घेईन."

पूर्ण शाळेचं वेळापत्रक त्यासाठी फिरवावं लागलं. मुख्याध्यापकांनी कुरकुर केली, मग गणिताच्या सरांनी होकार दिला. त्या बसने जाणाऱ्या अजून चौदा मुली निघाल्या. हे आम्हाला माहीतच नव्हतं.

फॉर्म अर्धा लिहिलेला होता. क्लार्कने तो फाडला नाही, सरकारी कागद आहे. त्यावर आडवी रेघ मारून 'रद्द' लिहिलं आणि फाइलला लावून ठेवला. 'पालकाच्या' हा शब्द त्यावर अजून तसाच आहे.